कोण कुठे उतरले? – नियमांच्या कोड्यांचा फंडा

तिसऱ्या वर्षाचा निकाल लागला की हॉस्टेलवर दोन गोष्टी एकदम सुरू होतात. इस्त्रीवाल्याकडे फॉर्मल शर्टांचा ढीग लागतो आणि प्रत्येक खोलीत 'अॅप्टी'चे जाडजूड पुस्तक दिसू लागते. त्या पुस्तकातल्या गणिताला आपण फारसे घाबरत नाही. नळ आणि टाकी, काळ-काम-वेग हे तर स्कॉलरशिपच्या परीक्षेपासून मागे लागले आहे. घाम फुटतो तो "पाच मित्र एका रांगेत बसले आहेत" या वाक्यापाशी. पहिला दुसऱ्याच्या डावीकडे, तिसरा टोकाला नाही, चौथ्याला निळा रंग आवडतो... वाचता वाचताच डोक्याचा भुगा होतो.

मी कोरपना तालुक्यातला. आमच्याकडची मुले थर्मोत, स्ट्रेंथमध्ये चांगले मार्क काढतात आणि कंपनीच्या पहिल्या लेखी चाळणीत गळतात, हे मी पाहत आलो आहे. कारण विचारले तर उत्तर ठरलेले, "आपलं डोकं तसं नाही गा!" हे काही मला पटत नाही. या कोड्यांना 'तसले' डोके लागत नाही. एक कागद, एक पेन्सिल आणि एक सवय लागते. ती सवय आपल्या गावाकडे आधीपासून आहे, फक्त ती परीक्षेच्या हॉलमध्ये न्यायची आपल्याला आठवण राहत नाही. हा लेख त्यासाठीच.

आधी एक कोडे घेऊ. चंद्रपूरहून एक एसटी निघाली. रस्त्याने बल्लारपूर, राजुरा, गडचांदूर आणि कोरपना असे चार थांबे, याच क्रमाने. गाडीत लता, प्रवीण, संदीप आणि मारोती असे चौघे आहेत. प्रत्येक जण वेगळ्या थांब्यावर उतरतो. प्रत्येकाजवळ एकच वस्तू आहे : ट्रंक, डबा, सायकलचा टायर आणि बियाण्याची पिशवी. नियम असे :

१) प्रवीण लताच्या लगेच पुढच्या थांब्यावर उतरतो.
२) मारोती कोरपन्याला उतरत नाही.
३) टायरवाला राजुऱ्याला उतरतो.
४) संदीप ट्रंकवाल्याच्या आधी उतरतो.
५) बियाण्याची पिशवी कोरपन्याला उतरते.

आता बहुतेक जण काय करतात? "समजा लता बल्लारपूरला उतरली" अशी सुरुवात करतात, अर्ध्यात अडकतात, खोडतात, मग "समजा राजुऱ्याला"... तोवर शेजारचा पुढच्या पानावर गेलेला असतो. अंदाजाने सुरुवात केली की किती शक्यता अंगावर येतात ते मोजून पाहा. चार माणसे चार थांब्यांवर ४×३×२×१ म्हणजे २४ प्रकारे उतरू शकतात. चार वस्तूही चौघांत २४ प्रकारे वाटता येतात. दोन्ही मिळून २४×२४ = ५७६.

हा २४ आकडा आपल्याकडे फार जुना आहे बरं का. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या 'लीलावती'त अंकपाश नावाचा भाग आहे. विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा आणि पद्म आलटून पालटून दिले तर मूर्तीचे किती प्रकार होतील, असे त्यात विचारले आहे. उत्तर २४. केशव, नारायण, माधव अशी संध्येतली नावेसुद्धा चोवीसच. त्याच ठिकाणी शंकराच्या दहा हातांत दहा वस्तू देण्याचाही प्रश्न आहे, त्याचे उत्तर ३६,२८,८००. हात चारचे दहा झाले तर शक्यता इतक्या फुगतात! म्हणून एकेक शक्यता तपासत बसणे हा मार्गच नाही. नियम ही कात्री आहे. कात्री चालवायची आणि शेवटी काय उरते ते पाहायचे.

मग कात्री कुठून लावायची? जिथे सगळ्यात जास्त अडचण आहे तिथून. आपल्या कोड्यात शेवटचा थांबा कोरपना. तिथे कोण उतरू शकत नाही ते बघू. मारोती नाही, हे नियम २ सांगतो. संदीपच्या नंतर ट्रंकवाला उतरायचा आहे, म्हणजे संदीपही शेवटचा नाही. लताच्या पुढच्या थांब्यावर प्रवीण उतरायचा आहे, म्हणजे लताही शेवटची नाही. राहिला कोण? प्रवीण! तो कोरपन्याला उतरला, तर लता त्याच्या लगेच आधी, म्हणजे गडचांदूरला. एकदाही 'समजा' म्हणावे लागले नाही.

आता सामान. टायर राजुऱ्याला, पिशवी कोरपन्याला. ट्रंक आणि डबा यांना बल्लारपूर आणि गडचांदूर हे दोनच थांबे उरले. ट्रंकच्या आधी संदीप उतरतो, म्हणून ट्रंक पहिल्या थांब्यावर उतरणे शक्य नाही. ती गडचांदूरची, म्हणजेच लताची. डबा बल्लारपूरला. प्रवीणजवळ बियाण्याची पिशवी.

हे सगळे डोक्यात ठेवू नका. कागदावर चौकटी आखा : आडव्या ओळीत माणसे, उभ्या रांगेत थांबे, आणि बाजूला तशीच एक चौकट सामानाची. जे शक्य नाही तिथे फुली, जे पक्के झाले तिथे बरोबरची खूण. एका ओळीत तीन फुल्या झाल्या की चौथे घर आपोआप बरोबर. एक खूण बरोबर झाली की त्या ओळीतल्या आणि रांगेतल्या बाकी घरांना फुल्या. इतकेच तंत्र आहे. शेवटी सगळे नियम एकदा पुन्हा लावून बघायचे, कारण परीक्षेत घाईने मारलेली एक चुकीची फुली पूर्ण कोडे बुडवते.

पण थांबा, संदीप आणि मारोती यांचे काय? बल्लारपूर आणि राजुरा हे दोन थांबे आणि हे दोघे. संदीप बल्लारपूरला डबा घेऊन आणि मारोती राजुऱ्याला टायर घेऊन, किंवा बरोबर उलट. दोन्ही वेळा पाचही नियम पाळले जातात. ५७६ मधून दोन उरले आणि कात्री संपली. इथे आपली मुले घाबरतात. "काहीतरी राहून गेलं बे" म्हणत पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. खरे तर काही राहिलेले नाही. 'ट्रंक कोणाची?' असा प्रश्न असेल तर 'लताची' हे पक्के उत्तर आहे. 'राजुऱ्याला कोण उतरले?' असा प्रश्न असेल तर 'दिलेल्या माहितीवरून सांगता येत नाही' हेच बरोबर उत्तर आहे. पर्यायांत ते शेवटी छापलेले असते आणि आपण त्याला पळपुट्याचे उत्तर समजतो. तसे नाही. दोन्ही मांडण्या लिहून दाखवता आल्या की 'सांगता येत नाही' हे सिद्ध झाले. आता सहावा नियम जोडा, 'मारोतीजवळ डबा नाही', आणि एकच उत्तर उरते.

दुसरी एक गोष्ट. पाच घरे, पाच रंग, पाच प्राणी असे एक कोडे 'आईन्स्टाईनचे कोडे' म्हणून फिरत असते, आणि त्याच्याबरोबर 'जगातल्या दोन टक्के लोकांनाच सुटते' अशी थापही असते. ते आईन्स्टाईनने लिहिल्याचा पुरावा नाही. त्याचे छापील रूप १७ डिसेंबर १९६२ च्या 'लाइफ इंटरनॅशनल' या मासिकात आले होते. पाच घरे आणि प्रत्येकी पाच बाबी म्हणजे १२० चा पाचवा घात, जवळजवळ २,४८८ कोटी शक्यता. पण वरच्याच फुल्यांच्या पद्धतीने ते एका संध्याकाळी सुटते. आमच्या विंगमध्ये मेसची घंटा व्हायच्या आत ते सोडवणारे बरेच निघाले, आणि त्यातले दोघे तर एम-थ्रीत केटीवाले.

आता शब्दांकडे वळू, कारण चुका तिथेच जास्त होतात. 'आधी' आणि 'लगेच आधी' यांत फरक आहे. संदीप ट्रंकवाल्याच्या 'आधी' उतरतो, म्हणजे मध्ये कितीही थांबे असू शकतात. 'किंवा' म्हटले की दोन्हीपैकी एक तरी. 'लतानेच आणली' आणि 'लताने ट्रंकच आणली' यांत तो इवलासा 'च' सरकला की अर्थ सरकतो. आणि सगळ्यात फसवा शब्द म्हणजे 'शिवाय'.

याचे उदाहरण आमच्या तालुक्यातच आहे. गडचांदूर, आवारपूर, उपरवाही इथे सिमेंटचे कारखाने आहेत. सिमेंटच्या फिरत्या भट्टीच्या आतून उष्णता सोसणाऱ्या विटांचे अस्तर असते. ते झिजले की भट्टी बंद करून बदलतात. त्या कामाचा क्रम असा : भट्टी थंड झाल्याशिवाय आत जायचे नाही, जुन्या विटा काढल्याशिवाय नव्या बसवायच्या नाहीत, नव्या बसल्याशिवाय पेटवायचे नाही. आता 'थंड झाल्याशिवाय आत जायचे नाही' याचा अर्थ 'थंड झाली की खुशाल आत जा' असा होतो का? मुळीच नाही. भट्टी फिरवणारी मोटर कुलूपबंद झाली का, आतली हवा तपासली का, हे नियम वेगळे उभे आहेत. एक अट आवश्यक आहे, पण तेवढी पुरेशी नाही. पेपरात हा फरक चुकला तर एक मार्क जातो. भट्टीपाशी चुकला तर माणूस जातो. उद्या आपल्यापैकीच कोणीतरी तिथे शिफ्ट इंजिनिअर असणार आहे.

अशा कामांचा क्रम लावायला इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगमध्ये आपण क्रिटिकल पाथ मेथड शिकतो. ती ड्यूपाँ कंपनीने १९५७ च्या सुमारास काढली आणि कारखान्याच्या शटडाऊनच्या दुरुस्तीवर वापरून पाहिली. मूळ गोष्ट तीच : कशाच्या आधी काय आणि कशाबरोबर काय चालेल.

हे झाले क्रम लावण्याचे. जोड्या लावण्याचा नियम बघायचा तर तोही आमच्याकडेच सापडतो. आजचा कोरपना तालुका पूर्वी राजुरा तालुक्यात होता आणि १९५६ पर्यंत राजुरा हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. तिथल्या गोंड समाजाचा अभ्यास करून ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांनी 'द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद' हे पुस्तक १९४८ मध्ये काढले. त्यात समाजाचे चार सगे सांगितले आहेत : चार देवे, पाच देवे, सहा देवे आणि सात देवे. एकाच सग्यातले सगळे भाऊबंद, त्यांच्यात लग्न होत नाही. मूल बापाच्या सग्याचे. गावोगाव याला आणखी बारकावे आहेत, पण मुख्य कात्री ही.

आमच्या गावच्या गोंड मोहल्ल्यातल्या एका आज्याला मी एकदा विचारले होते, सोयरीक जुळवताना एवढे सगळे ध्यानात कसे राहते? ते म्हणाले, "त्यात का हाये बाबू? पह्यले देव इचार, मंग गाव इचार, मंग पोरगी पाय. उलटं केलं तं पायाच्या चपला झिजते." बघा! ज्या नियमाने सर्वांत जास्त घरे कटतात तो पहिला लावायचा, हेच आपण एसटीच्या कोड्यात केले.

आकड्यांत बघायचे तर चार सग्यांतला एकेक मुलगा आणि एकेक मुलगी घ्या. नियम नसेल तर जोड्या लावण्याचे २४ प्रकार. 'स्वतःच्या सग्यात नाही' हा एकच नियम लावला की उरतात ९. करून बघा : चार देव्यांच्या मुलाला तीन पर्याय आणि त्यातला कोणताही घेतला तरी उरलेल्या तिघांचे तीनच प्रकार होतात, म्हणून ३×३. गणितात हे डिरेंजमेंट या नावाने शिकवतात. आज्याने ते नाव ऐकले नव्हते, पण काम तेच करत होते. अर्थात खऱ्या लग्नात माणसांची पसंतीही असते. नियम फक्त काय चालणार नाही ते सांगतो.

आता पसंती आली की कोडे बदलते, आणि हा भाग ज्युनिअर्सनी आणि घरी धाकटी भावंडे असलेल्यांनी नीट वाचावा. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोघांनी १९६२ मध्ये कॉलेज प्रवेश आणि लग्नाच्या जोड्या यांवर एक छोटा निबंध लिहिला. पद्धत अशी : प्रत्येक विद्यार्थी पहिल्या पसंतीकडे अर्ज करतो. कॉलेज आपल्या जागांइतके वरचे अर्ज नुसते धरून ठेवते, बाकीचे परत करते. परत आलेले पुढच्या पसंतीकडे जातात. तिथे त्यांचा नंबर वर असेल तर आधी धरलेला सुटतो. कोणाला पुढे जायचे उरले नाही की सगळे पक्के. यात शेवटी असा एकही विद्यार्थी राहत नाही की ज्याला दुसरे कॉलेज जास्त हवे आहे आणि त्या कॉलेजलाही आपल्या यादीतल्या कोणापेक्षा तो जास्त हवा आहे. शॅप्ली आणि आल्विन रॉथ यांना २०१२ मध्ये याच विषयावरच्या कामासाठी अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आपल्याकडे आयआयटी-एनआयटीच्या जागा २०१५ पासून 'जोसा'मार्फत एकत्र वाटल्या जातात, त्याही याच कल्पनेवर.

उदाहरण घेऊ. कॉम्प्युटर, सिव्हिल, मेकॅनिकल, प्रत्येकी एक जागा. मेरिटमध्ये पहिली रेखा, दुसरी सुनीता, तिसरा गणेश. रेखाला कॉम्प्युटर हवे. सुनीताला आधी कॉम्प्युटर, मग सिव्हिल, मग मेकॅनिकल. गणेशला आधी सिव्हिल, मग मेकॅनिकल. सुनीताने खरी पसंती लिहिली तर कॉम्प्युटर रेखाकडे जाते, सुनीता सिव्हिलकडे येते, तिथे धरलेला गणेश सुटतो आणि त्याला मेकॅनिकल मिळते. आता सुनीता घाबरली आणि 'मिळेल ते तरी लिहू' म्हणून तिने मेकॅनिकल पहिले लिहिले तर? तिला मेकॅनिकलच मिळेल आणि तिच्या हक्काचे सिव्हिल गणेश नेईल. वर लिहिलेली पसंती मिळाली नाही म्हणून खालच्या पसंतीवरचा हक्क कमी होत नाही, हे या पद्धतीचे सार. अर्ज करणाऱ्याला खोटा क्रम लिहून काही फायदा होत नाही, हे गणिताने सिद्ध झालेले आहे.

आमच्या तालुक्यातल्या एका हुशार मुलीचा फॉर्म एका सायबर कॅफेवाल्याने असाच 'सेफ' भरून दिला. 'वरचं लिहून कशाला चान्स घ्यायचा' असे तो म्हणाला. यादी लागली तेव्हा कळले की तिला हवी असलेली ब्रँच तिच्या खालच्या नंबरला मिळाली. वर्ष गेले नाही, पण ब्रँच गेली. म्हणून गावाकडून कोणी फोन करून विचारले तर दोनच गोष्टी सांगा : पसंती मनातल्या क्रमाने लिही, आणि किती पर्याय भरता येतात, कोणत्या फेरीत जागा आपोआप पक्की होते हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतून स्वतः वाच. हे नियम वर्षागणिक बदलतात आणि कॅफेवाल्याला मागच्या वर्षीचे पाठ असतात.

थोडक्यात काय, क्रम असो की जोड्या, काम एकच. नियम शब्दशः वाचा. त्यात नसलेले मनाने घालू नका. जास्त कापणारा नियम आधी लावा. फुल्या कागदावर मारा. एकच उत्तर उरले तर लिहा, दोन उरली तर 'सांगता येत नाही' हे धीटपणे लिहा. रोज रात्री जेवणानंतर दोन कोडी केली तरी एका सेमिस्टरमध्ये हात बसतो. मात्र रूम पार्टनरने सोडवलेले बघून मान डोलावू नका, स्वतः पेन्सिल चालवा.

सुरुवात आजच करा. खोली नंबर ११ ते १५ एका रांगेत, डावीकडून उजवीकडे. कोरपना, जिवती, राजुरा, गोंडपिपरी आणि सिरोंचा इथला एकेक जण एकेका खोलीत. सिरोंचावाला टोकाच्या खोलीत राहतो. जिवतीवाला कोरपनावाल्याच्या लगेच उजवीकडे. राजुरावाला आणि सिरोंचावाला यांच्यामध्ये बरोबर दोन खोल्या. कोरपनावाला सिरोंचावाल्याच्या शेजारी नाही. तर १३ नंबरमध्ये कोण?

उत्तर मी देत नाही. चौथा नियम झाकून आधी किती मांडण्या उरतात ते मोजा, मग तो उघडा. आणि ज्याचे उत्तर आले त्याने ते शेजारच्याला सांगू नये, कागद आणि पेन्सिल मात्र द्यावी.